पंख्याच्या हुकाला झोळी

दुसरीच्या वर्गाला कोणी विचारत नाही. पहिलीत लेकरू आलं की फुगे लावतात, हातात फूल देतात, बैलबंडीतून मिरवतात, सरपंच शेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. चौथी-पाचवीच्या मागं परीक्षा असतात, म्हणून आईबाप चौकशी तरी करतात. दुसरी म्हणजे घरातलं मधलं लेकरू. नवे कपडे मोठ्याला, लाड धाकट्याचे, मधलं आपलं उभं आहे दाराआड. पण मी इतकी वर्षं दुसरीच घेते आहे आणि छातीठोक सांगते, पोराला वाचता येणार की नाही ते दुसरीतच ठरतं. इथं सुटलं ते सुटलं. मग ते आठवीपर्यंत ढकलत जातं, दाखला हातात पडतो आणि त्या दाखल्यावर काय लिहिलं आहे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, घरातच कळलं. माझी मोठी बहीण दुसरीतून शाळेबाहेर पडली, कारण मी जन्मले. आई वावरात तण काढायला, निंदणाला जायची आणि मला कडेवर घ्यायला कोणीतरी पाहिजे होतं. उमरखेडकडच्या आमच्या बौद्धपुऱ्यात निळ्या कोटातला फोटो घराघरात होता. पोटाला चिमटा घ्या, पण पोरं शिकवा, असं लहानथोर सगळे म्हणायचे. चिमटा कोणाच्या पोटाला घ्यायचा ते मात्र न बोलता ठरायचं. तो बहिणीच्या पोटाला घेतला गेला. मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, दिग्रसला घर केलं. ती आजही उमरखेडच्या स्टँडवर शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारते, ही गाडी कुठली आहे म्हणून. मला त्या गोष्टीचा राग येतो. तो अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

माझी शाळा दिग्रसच्या अलीकडच्या एका लहान गावात आहे. दिवाळी सरली की तिथं कापसाची वेचणी सुरू होते, आणि मग दिवसभर गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी सापडतात. बाया सकाळीच पोटाशी फडक्याची ओटी बांधून पऱ्हाटीत शिरतात. त्यांची तान्ही लेकरं कोण सांभाळतं, हे मला या गावात आल्यावर पहिल्याच वर्षी दिसलं. पहिलीच्या पोरीला लेकरू उचलवत नाही. चौथीची पोरगी मायच्या हाताखाली वेचायला उपयोगी पडते. मग राहिली कोण? दुसरीची. हे कोणी बसून ठरवलेलं नाही, पण वेचणी लागली की माझ्या वर्गातल्या मुली गळायला लागतात आणि मुलं तेवढी समोर बसलेली असतात. हजेरी घेताना माझं डोकं सणकतं.

मी जिची गोष्ट सांगते आहे ती पोरगी त्यातलीच. समोरचे दोन दात पडलेले, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली, कारण कडेवरचा भाऊ तीच वेणी ओढायचा. भाऊ होता गलेलठ्ठ. ती एका बाजूला इतकी वाकून चालायची की मला वाटायचं, ही अशीच वाकडी वाढणार. पावसाळ्यात, निंदणाच्या दिवसांत, ती त्याला घेऊन शाळेत यायची आणि वर्गाबाहेर पायरीवर बसायची. आत लेकरू आणायचं नाही, असा आमच्या मोठ्या सरांचा नियम. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. माणूस सज्जन, पण वरून कोणी विचारलं तर काय सांगू, या एका काळजीनं त्यांचे केस गेले. तर ती पायरीवर बसून, लेकराला मांडीवर हलवत, आतल्या पोरांच्या सुरात सूर मिसळून धडे म्हणायची. पायरीवरून फळा दिसत नव्हता.

मग भाऊ रांगायला लागला. एक दिवस पायरीवरून घरंगळला, कपाळाला टेंगूळ आलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायची बंद झाली.

मी तिच्या घरी गेले, सकाळी, तिची माय वेचायला निघायच्या आधी. बाप दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आजी दुसऱ्याच्या वावरात वेचायला. मायनं मला चहा टाकला आणि चुलीसमोरून न उठता सगळं सांगितलं. पावसाळ्यात एकदा ती लेकराला वावरात घेऊन गेली होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या सावलीत निजवलं होतं. शेजारच्या वावरात फवारणी चालू झाली, वारं फिरलं, आणि लेकरू उलट्या करायला लागलं. खुरपं तसंच टाकून ती त्याला उचलून सडकेपर्यंत पळत गेली होती. लेकरू वाचलं. तेव्हापासून तिनं त्याला वावराचं तोंड दाखवलं नव्हतं.

“म्याडम, शायेत लेकरू पडते, वावरात औषध लागते,” ती म्हणाली. “पोरगी घरी राहीन. वेचाई सरली का धाडतो मी तिले.”

मला तिच्यावर चिडायला तोंडच राहिलं नाही. वेचणी सरली की तूर येते, तूर सरली की हरभरा, आणि हरभरा घरात येईपर्यंत माझी दुसरी सरलेली असते. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. ती मायकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, उद्या लेकराला घेऊन ये, पायरीवर बसायचं नाही, आत बसायचं. कुठं ठेवायचं त्याला, ते मी बघते.

आमच्या वर्गात छताला एक लोखंडी हुक आहे, पंख्याचा. पंखा आला होता, पण तो ऑफिसात लागला. हुक तेवढा आमच्या वाट्याला राहिला. त्या हुकाकडे बघून मी कितीदा तरी मनात शिव्या घातल्या होत्या. आता तोच कामाला आला. बहिणीला फोन केला, जुनी साडी पाहिजे म्हणून सांगितलं. कायले पाहिजे, तिनं विचारलं. मी कारण सांगितलं. ती म्हणाली की सुती पाठवते, नायलॉनमध्ये लेकराला घाम येतो. तिनं गाडीवाल्याच्या हाती पाठवलेली साडी जुनी नव्हती, ठेवणीतली होती.

दोर बांधून झोळी टांगली. मोठे सर दारात येऊन उभे राहिले आणि विचारू लागले, ही शाळा आहे का अंगणवाडी? मी म्हटलं, सर, अंगणवाडी तीन वर्षांच्या आतलं लेकरू बसवून घेत नाही, तुमची शाळा सहाच्या आतलं घेत नाही, मग या लेकरानं तोवर हवेत राहावं का? तर ठेवते त्याला हवेत. सर कपाळाला हात लावून गेले. माझं तोंड फटकळ आहे, हे त्यांना माहीत होतं.

लेकरू झोळीत गेलं आणि दोन हेलकाव्यांत झोपलं. आता खरी गंमत झाली. आमच्याकडच्या शाळा वाचत नाहीत, गरजतात. धडा काढला की सगळा वर्ग एका सुरात असा काही ओरडतो की सडकेवरच्या माणसाला कळावं, दुसरीत पाण्याचा धडा चालू आहे. त्या दिवशी पोरांनी पहिली ओळ गरजली आणि झोळीतून भोकाड आलं. पोरगी उठली, झोळी हलवली आणि सगळ्या वर्गाकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की आडदांड पोट्टेही गप्प झाले. बोट ओठावर ठेवून ती उभी राहिली. मीही गप्प झाले, खोटं कशाला सांगू.

मी हळूच म्हटलं, मनात वाचा. मनात वाचणं म्हणजे काय, हे पोरांना ठाऊक नव्हतं. बराच वेळ नुसते ओठ हलत होते, शेळ्या रवंथ करतात तसे. आवाज बंद झाला तेव्हा कोण वाचतं आणि कोण म्हणतं, ते लख्ख दिसायला लागलं. काहींची बोटं एका जागी आणि डोळे भलतीकडेच. विहारात वंदना तोंडपाठ असते, तसं पुस्तक तोंडपाठ. झोळीवाली पोरगी त्यात पहिली. तिला अख्खा पाण्याचा धडा येत होता, बाजाराचा येत होता, सणांचा येत होता. मी मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं, तर ती पहिल्या ओळीपासून पुटपुटत तिथपर्यंत आली आणि मग तो शब्द सांगितला. दुसऱ्या पुस्तकातला तोच शब्द दाखवला तर तोंड बंद. कानानं शिकली होती बिचारी, पायरीवर बसून.

मग मी धडे ठेवले बाजूला. फळ्यावर लिहायला लागले, आणि तेही रोज नवं, पाठ करता येणार नाही असं. लिहायचं, वाचायचं आणि जे लिहिलं आहे ते करायचं, तोंडातून शब्द न काढता. खिडकी लावा. पाणी पिऊन या. ज्याच्या खिशात बोरं आहेत त्यानं मला एक द्यावं. बोरांच्या दिवशी वर्गातल्या निम्म्या पोरांनी आपापले खिसे दाबून धरले. तेव्हा मला कळलं, एवढ्यांना वाचता आलं. मी लिहायचे ते विषय पुस्तकातलेच, कुटुंब, पाणी, बाजार, झाडं. फक्त आमच्या गावाचे. सडकेवर कोणती गाडी बंद पडली. कोणाची म्हैस व्याली. हळूहळू त्या पोरीचे ओठ हलायचे थांबले आणि डोळे हलायला लागले. एक दिवस मी फळ्यावर लिहिलं की झोळीचा दोर सैल झाला आहे. इतर पोरं अजून पहिल्या शब्दावर होती, तोवर ही धावत जाऊन झोळीखाली हात धरून उभी राहिली. दोर काही सैल झाला नव्हता. मी मुद्दाम लिहिलं होतं. ती माझ्यावर रागावली आणि मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात जाऊन मोठ्या सरांच्या डब्यातला चिवडा खाऊन आले.

तिच्या मागोमाग आणखी दोघी लेकरं घेऊन आल्या. झोळी एकच, म्हणून पाळी लागायची.

आणि मग एका सकाळी केंद्रप्रमुख आले. आजूबाजूच्या सगळ्या शाळांवर देखरेख ठेवणारे हे साहेब. मोटारसायकल लांब लावून चालत आले, कोणाला कळू नये म्हणून. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता, कारण त्यांना मोबाइलमध्ये प्रत्येक पोराची वाचनाची पातळी भरायची होती: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. ते आत आले तेव्हा वर्गात चिडीचूप. साहेबांचा चेहराच पडला. शांत वर्ग म्हणजे मास्तर झोपलेला, असं आमच्या खात्यात समजतात. त्यांनी एका पोराला उभं केलं आणि पुस्तक दिलं. मोठ्यानं वाच, म्हणाले. पोरानं झोळीकडे पाहिलं आणि ओठावर बोट ठेवलं. दुसऱ्याला उठवलं. त्यानंही तेच. तिसरी तर साहेबांनाच हातानं खुणावू लागली, हळू, हळू.

साहेबांची नजर वर गेली. हुक, साडी, साडीतून बाहेर आलेला एक इवला पाय. दारात मोठे सर घाम पुसत उभे होते. साहेबांनी मला विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, दुसरीचा वर्ग. म्हणाले, एकाही पोराला वाचता येत नाही तुमच्या. आणि मोबाइलवर बोट चालवायला लागले. ते बोट एकदा दाबलं गेलं की झोळी उतरणार, झोळी उतरली की ती पोरगी उद्या घरी. मला ते स्वच्छ दिसत होतं. मी त्यांच्या समोर खडू धरला.

“तोंडानं वाचणार नाहीत,” मी म्हटलं. “तुम्ही फळ्यावर लिहा. काय वाट्टेल ते लिहा. मग बोला.”

त्यांनी खडू घेतला, बहुतेक मला खोटं पाडायलाच. ‘उभे राहा’ असं लिहिलं. सगळी पोरं उभी राहिली, लेकरू झोपलेलं म्हणून चटया न ओढता. मग त्यांनी दप्तरातून पेन्सिल काढायला सांगितली. पेन्सिली निघाल्या. साहेबांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. हे रोजचं घोकवलेलं असणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते मलाही वाचता येत होतं. त्यांनी खडू बोटांत फिरवला. पुन्हा वर, त्या पायाकडे पाहिलं. आणि सावकाश, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘बाळाला बाहेर घेऊन जा.’

माझ्या पुस्तकात नव्हतं हे वाक्य. माझ्या फळ्यावरही कधी नव्हतं.

एकेक पोर वाचत गेलं आणि एकेकाची मान त्या पोरीकडे वळत गेली. म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं. ती मात्र फळ्याकडेच बघत होती. दोन वेळा वाचलं असावं तिनं. मग उठली आणि झोळीच्या दिशेनं निघाली. मी तिला वाचायला शिकवलं होतं ते यासाठी का, असं मनात आलं, आणि त्या क्षणी साहेबांच्या हातातला खडू हिसकावून घ्यावा असं वाटलं. पोरगी झोळीपाशी थांबली, पाय आत सारला, साडीची कड नीट केली. मग तशीच पुढं फळ्याजवळ गेली. टाचा उंच करून फळ्याच्या कडेवरचा दुसरा खडू उचलला आणि साहेबांच्या टपोऱ्या ओळीखाली, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं:

‘तो झोपला हाय.’

खडू ठेवला, हात फ्रॉकला पुसला आणि जाग्यावर जाऊन बसली. कोणी हसलं नाही.

आमचं भांडण झालं ते त्यानंतर. असं भांडण मी जन्मात केलं नव्हतं. साहेबांनी तोंड उघडलं, पोरीनं त्यांच्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं, आणि साहेब कुजबुजायला लागले. मग मीही कुजबुजले. नियमात बसत नाही मॅडम हे, ते म्हणाले. मी म्हटलं, लेकरू नियमात बसत नाही, कबूल, पण पोरगी घरी बसलेली चालते का नियमाला? वर कळवावं लागेल, म्हणाले. मी म्हटलं, खुशाल कळवा. हुक सरकारचा आहे, साडी माझ्या बहिणीची आहे, ज्याची वस्तू त्यानं काढून न्यावी. मोठे सर दारातून हात जोडून मला गप्प राहायच्या खुणा करत होते. इतकं जहाल मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि तेही सगळं आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तशा आवाजात. शेवटी मी त्यांच्या मोबाइलकडे बोट दाखवून विचारलं, आता ही कोणत्या पातळीत टाकता? तुम्ही लिहिलेलं वाचलं, समजलं आणि तुम्हालाच उत्तर लिहून दिलं. आहे का एवढं मोठं कोष्टक तुमच्याजवळ?

त्यांनी मोबाइलवर बोट ठेवलं. काहीतरी दाबलं. काय दाबलं ते मला माहीत नाही. जाताना मात्र दार हातानं धरून, आवाज होऊ न देता ओढून घेतलं.

पुढं खुलासा मागवणारा कागद आलाच. झोळी कोणाच्या परवानगीनं, वगैरे. मी लिहून दिलं की माझ्या वर्गात वेचणीच्या दिवसांत सगळ्या मुली हजर आहेत, ज्यांना हरकत असेल त्यांनी येऊन त्यांना घरी पाठवावं, मी पाठवणार नाही. अजून तरी पाठवायला कोणी आलेलं नाही. आलं तर दारातच भेटेन.

साहेब येऊन गेले त्या आठवड्याच्या रविवारी मी उमरखेडच्या गाडीत बसले आणि बहिणीकडे गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, सूप पुढ्यात ओढलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेबांची नक्कल करून दाखवली, कुजबुजलेलं भांडण दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मग मी पोरीनं काय लिहिलं ते सांगितलं, आणि तिचे हात थांबले.

शाळा सुटली त्या दिवसांबद्दल ती आजवर कधी बोललेली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं.

“गुर्जीनं मले म्हटलं होतं, पोरगी घिऊन बाहीर जाय,” ती म्हणाली. “मी बी असंच म्हटलं होतं. थे झोपली हाय म्हनून. तू झोपली होती माह्या मांडीवर.” तिनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. “पन मी नुसतं म्हटलं ना. मले लिवता येत नोहतं.”